ओही दिन

ग्रीस आणि सायप्रसमध्ये २८ ऑक्टोबरला पाळला जाणारा राष्ट्रीय सण. ‘ओही’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नाही’.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी पहाटे तीनच्या सुमारास इटलीचे राजदूत एमान्वेले ग्रात्सी ग्रीसचे पंतप्रधान इओआनिस मेताक्सास यांच्या अथेन्सजवळच्या किफिसियातील घरी निर्वाणीचा खलिता घेऊन गेले. ग्रीसमधली मोक्याची ठिकाणे इटालियन सैन्याच्या ताब्यात द्या, ही मुसोलिनीची मागणी. मुदत सकाळी सहापर्यंत. मेताक्सास फ्रेंचमध्ये उत्तरले, ‘म्हणजे आता युद्ध.’ ‘ओही’ हा नेमका शब्द लोकांच्या आणि वृत्तपत्रांच्या तोंडी रुळला. मेताक्सास १९३६ पासूनचे हुकूमशहा होते. या नकाराचे श्रेय ग्रीक माणूस जनतेला देतो, ते योग्यच आहे. मुदत संपण्याआधीच इटलीच्या ताब्यातल्या अल्बानियातून हल्ला सुरू झाला होता.

अल्बानियाच्या सीमेकडच्या पिंडस पर्वतात गावोगावच्या बायका दारूगोळ्याच्या जड पेट्या पाठीला दोरीने बांधून बर्फातून चढ चढल्या. त्यांचे पुतळे आजही तिथे उभे आहेत. ग्रीक सैन्याने शत्रूला मागे रेटत २२ नोव्हेंबरला अल्बानियातील कोर्चा शहर घेतले. अक्षराष्ट्रांना (जर्मनी, इटली आणि त्यांचे साथीदार) जमिनीवर मिळालेला हा पहिला मोठा धक्का मानला जातो. पण ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनी चालून आला, देश गेला, आणि त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसे उपासमारीने मेली. परक्यांच्या ताब्यात असतानाही लोकांनी हा दिवस पाळला. सरकारी सण म्हणून तो १९४४ पासून साजरा होऊ लागला.

त्या दिवशी घरांच्या गच्च्यांवर निळे-पांढरे झेंडे लागतात, हुतात्म्यांच्या स्मारकांवर पुष्पचक्रे वाहतात. मुख्य लष्करी संचलन अथेन्सला नव्हे, थेसालोनिकीला होते. २६ ऑक्टोबरला तिथल्या संत दिमित्रिओसचा उत्सव आणि ऑटोमन (तुर्की) सत्तेपासून १९१२ मध्ये मिळालेल्या मुक्तीचा स्मृतिदिन असल्याने शहर आधीपासूनच सजलेले असते. बाकी गावांत शाळेची मुले निळ्या-पांढऱ्या कपड्यांत संचलन करतात, आदल्या दिवशी शाळेत कविता म्हणतात, नाटुकली बसवतात, सोफिया वेम्बोने युद्धकाळात गायलेली गाणी लावतात. झेंडा धरण्याचा मान पूर्वापार पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्याचा. स्थलांतरित घरातले मूल पहिले आले की त्याच्या हाती झेंडा द्यावा का, यावर तिथे कडवट वाद झाले आहेत. शाळेतला मान गुणांवर मिळतो. जन्म कुठे झाला, हा प्रश्न तिथे यायलाच नको होता.

ग्रीक चर्चने १९५२ मध्ये ‘आगिया स्केपी’, म्हणजे देवमातेच्या छत्रछायेचा सण, १ ऑक्टोबरवरून याच दिवशी आणला. त्यामुळे सकाळी आधी प्रार्थना होते, मग संचलन.