'आय अ‍ॅम नोइंग' का चालत नाही?

इंग्रजीत सवयीला साधा वर्तमानकाळ, चालू कामाला आयएनजी (म्हणजे चालू वर्तमानकाळ), इथवर कुणाचं अडत नाही. 'शी टीचेस मॅथ्स' हा पेशा. 'शी इज टीचिंग' म्हणजे बाई आत्ता वर्गात आहेत. वेळापत्रकाला साधा ('द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स'), आपल्या ठरलेल्या बेताला चालू ('आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो'). झालं.

घोळ होतो तो 'नाऊ दिसलं की आयएनजी लावा' या शिकवणीमुळे. ती आधी डोक्यातून काढा. 'आय नीड इट नाऊ' अगदी शुद्ध आहे. घड्याळ नव्हे, क्रियापदाची जात बघायची. नो, नीड, ओन, बिलाँग, अंडरस्टँड ही करायची कामं नव्हेत, त्या स्थिती आहेत. आणि स्थितीला इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही. मराठीत 'कळतंय', 'आठवतंय', 'ऐकू येतंय' बिनदिक्कत चालतं, म्हणून तोंडातून 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' निघून जातं. फोनवरचं 'आर यू हिअरिंग मी?' त्यातलंच. तिथे 'कॅन यू हिअर मी?' म्हणा.

शंका आली तर एवढंच विचारा: हे मध्येच थांबवून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करता येईल का? जेवण येईल, लिहिणं येईल. दोन भाऊ असणं? नाही. म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटलं, की भाऊ ताटात वाढल्यासारखे वाटतात, कारण 'हॅविंग लंच'मधलं हॅव म्हणजे खाणं, आणि ते मात्र काम आहे.

म्हणूनच क्रियापदांच्या याद्या घोकण्यात अर्थ नाही. एकच शब्द जात बदलतो. 'आय थिंक इट्स राँग' हे मत. 'आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट' म्हणजे डोकं चालू आहे, निर्णय व्हायचाय. 'द सूप टेस्ट्स सॉल्टी', पण 'ही इज टेस्टिंग द सूप', कारण हातात चमचा आहे. 'ही इज रूड' हा स्वभाव. 'ही इज बीइंग रूड' हे आजचं वागणं, एरवी माणूस बरा असेल. फीलला दोन्ही चालतं: 'आय फील टायर्ड' किंवा 'आय अ‍ॅम फीलिंग टायर्ड', वाद नको.

आणि अर्जाअर्जांत दिसणारं 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स 2019'? तिथे साधाही चुकतो, चालूही. 'आय हॅव बीन वर्किंग' लिहा.