छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं

अंगणात गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की घरात पहिली आठवण होते ती रॉकेलची. काठीला चिंधी गुंडाळायची आणि रात्री पेटता बोळा पोळ्याला लावायचा. यात आग भडकण्याची भीती आहेच, शिवाय शिडीवर चढलेल्या माणसावर चवताळलेल्या माश्या तुटून पडतात. असं कुणी करू नये, अगदी कळकळीनं सांगतो.

आधी पोळं कुणाचं ते बघा. भिंतीवर मातीचा गोळा असेल तर तो कुंभारणीचा. ती एकटी राहते आणि सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. छज्ज्याखाली बारीक देठाला लटकलेलं, षटकोनी घरं उघडी दिसणारं पोळं कागदी गांधीलमाश्यांचं. जुनं लाकूड कुरतडून, लाळेत कालवून त्या हा कागद बनवतात. देठाला मुंग्यांना न सोसणारं द्रव्यही फासतात. पण फुटबॉलएवढं, चहूबाजूंनी बंद, एकच भोक असलेलं पोळं आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या काळ्या माश्या दिसल्या, तर हात लावू नका. ते काम अग्निशमन दलाचं किंवा जाणकार माणसाचं.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या कागदी गांधीलमाश्यांपैकी एक म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी तिचा अनेक दशकं अभ्यास केला. तिची राणी शांत असते, दांडगाई करत नाही. ती काढून घेतली की थोड्याच वेळात एक कामकरी माशी आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. म्हणून ‘राणी मारली की पोळं मोडलं’ हा समज इथे चालत नाही. नुसतं पोळं पाडलं आणि माश्या वाचल्या, तर त्या जवळपास पुन्हा बांधू शकतात.

पोळं उंचावर, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर असेल तर राहू द्यावं, असं माझं मत आहे. या माश्या अळ्या पकडून, त्यांचा चावून गोळा करून पिल्लांना भरवतात, त्यात भाजीवरच्या अळ्याही येतात. जवळ गेल्यावर माश्या पंख उचलून तुमच्याकडे तोंड करून स्थिर उभ्या राहिल्या, तर तो इशारा समजा आणि सावकाश मागे सरका. पोळं दारातच असेल तर वाट पाहू नका. चार-सहा घरांचं, एकाच माशीचं असताना ती उडून गेल्यावर लांब काठीनं देठ तोडता येतो. मोठं झालेलं पोळं मात्र जाणकाराकडूनच, अंधार पडल्यावर काढून घ्यावं.

डंख मारणारी प्रत्येक माशी मादी असते, कारण नांगी हा मुळात अंडी घालण्याचा अवयव. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते. गांधीलमाशीची अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखाची जागा साबणानं धुवा, बर्फ लावा. चुना किंवा कांदा चोळून कातडीखाली गेलेलं विष निघत नाही. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. मोठ्या गांधीलमाश्यांचे बरेच डंख बसले असतील, तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्या. अशा विषानं स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि काळपट किंवा कमी झालेली लघवी ही त्याची खूण असते.