शैली बदलली की ओळख पुसते?

पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्याने एकच शैली धरून ठेवावी. आज शाई, उद्या जलरंग, परवा कोलाज केलं की हात बिघडतो आणि ओळख पुसते, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक.

जपानचा चित्रकार होकुसाई घ्या. जन्म १७६० चा. लाकडी ठशांची चित्रं, पुस्तकांतली चित्रं, कुंचल्याची झटपट रेखाटनं, काही सोडलं नाही. आयुष्यात तीसेक नावं बदलली, तीही बऱ्याचदा कामाला नवं वळण देताना. त्याचं जगप्रसिद्ध लाटेचं चित्र आलं १८३१ च्या सुमारास, म्हणजे सत्तरीत! पिकासोने १९४५-४६ च्या हिवाळ्यात एकच बैल लिथोग्राफच्या (दगडावरून छापायच्या चित्राच्या) ११ टप्प्यांत काढला: सुरुवातीला मांसल, भारदस्त, शेवटी मोजक्या रेघा. तरी बैल पिकासोचाच.

असं का होतं, ते टाक, म्हणजे शाईत बुडवून वापरायचा निबचा पेन, हातात घेतला की कळतं. रेघ खाली ओढताना दाब दिला की निबचं टोक फाकतं, रेघ जाड होते. वर ढकलली तर तेच टोक कागदात रुततं, शाई उडते. (बाहीवर हमखास.) ब्रशला हा जाच नाही, पण टाकाने लागलेली दाबाची सवय ब्रशच्या रेघेतही उतरते. साधन बदललं तरी कुठे थांबायचं, काय गाळायचं, हे ठरवणारी नजर तीच राहते.

हो, एका पुस्तकात पान ७ आणि पान ८ वेगळ्या हातांची वाटली तर संपादक वैतागणारच. म्हणून तर स्वतःसाठीचे प्रकल्प असतात: तिथे मुदत नसते आणि फसलेला कागद कुणाला दाखवावा लागत नाही.