मॉर्मन मिशनरीची दिनचर्या (जपान)

मॉर्मन मिशनरी म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथासाठी ठरावीक मुदतीपुरता, पगार न घेता धर्मप्रसार करणारा तरुण किंवा तरुणी. पंथाची स्थापना 6 एप्रिल 1830 रोजी जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात केली. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. ते वापरू नये, पूर्ण नाव घ्यावे, असा आग्रह पंथाने 2018 पासून धरला आहे. पण नाव लांबलचक असल्याने बाहेरच्या जगात जुनेच चालते. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. 2024 च्या अखेरीस जगभर 74 हजारांहून अधिक मिशनरी काम करत होते. प्रत्येक देशात दिवसाचा साचा एकच असला, तरी त्यात भरले जाणारे आयुष्य वेगळे असते. ही नोंद जपानात गेलेल्या अमेरिकी तरुणाविषयी आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘मिशनरी’ म्हटले की अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन उभे राहते : शाळा, दवाखाने काढणारी, मराठीत पुस्तके छापणारी, कित्येकदा इथल्याच मातीत पुरली गेलेली माणसे. मॉर्मन मिशनरी हा त्यातला नव्हे. तो धर्मशास्त्र शिकलेला पाद्री नसतो, डॉक्टर किंवा शिक्षकही नसतो. नुकतीच शाळा संपवलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो आणि दोन वर्षांनी तो परत जाऊन कॉलेजात बसणार असतो. तरी महाराष्ट्राशी या पंथाचा संबंध जुना आहे. 1852 मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. लष्करी हद्दीत प्रवचन करण्यावरून अधिकाऱ्यांनी त्याला आडकाठी केली. हाताशी लागलेली माणसे मोजकीच होती आणि ती बहुतेक युरोपीय. 1856 पर्यंत भारतातली ही मोहीम आटोपली. त्यानंतर बंगळूरला स्वतंत्र मिशन स्थापन व्हायला 1993 साल उजाडले.

पूर्वी किमान वय मुलांसाठी 19 आणि मुलींसाठी 21 होते. ऑक्टोबर 2012 मध्ये ते अनुक्रमे 18 आणि 19 करण्यात आले आणि मिशनवर जाणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली. नोव्हेंबर 2025 मध्ये मुलींसाठीही ते 18 झाले. जायचे कुठे हे मात्र कुणाला निवडता येत नाही. डॉक्टरी आणि दातांच्या तपासणीसह अर्ज धाडायचा आणि सॉल्ट लेक सिटीहून उत्तराची वाट पाहायची. पूर्वी जाड पांढरे पाकीट यायचे, 2018 पासून ऑनलाइन कळते. पण सगळे घर गोळा करून ते पत्र मोठ्याने वाचायची पद्धत तशीच राहिली आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल उघडताना घरात जी शांतता पसरते, ती इथे देशाचे नाव येईपर्यंत पसरते. कुणाला पेरू निघते, कुणाला शेजारचेच आयडाहो, कुणाला जपानातले सप्पोरो. खर्च मुलाचा, आईवडिलांचा किंवा स्थानिक मंडळीचा : अमेरिकेतून जाणाऱ्याला महिना 400 डॉलर, जुलै 2020 पासून 500. सारख्या रकमेची ही पद्धत 1991 पासूनची. त्याआधी ज्याच्या वाट्याला टोकियो येई, त्याच्या बापाच्या खिशाला मोठा खड्डा पडत असे.

जपानी भाषेची पहिली ओळख युटामधल्या प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात होते. दोन महिन्यांच्या आसपास सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. इथे भाषा उलट्या टोकाकडून शिकली जाते. प्रार्थना, पश्चात्ताप, पुनरुत्थान, बाप्तिस्मा हे शब्द आधी पाठ होतात. लाटणे, पाना, गॅसची शेगडी हे कधीतरी नंतर. त्यामुळे जपानात उतरलेला पोरगा मोक्षावर पाच मिनिटे बोलू शकतो, पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगताना हातवारे करतो.

जपानात हे काम ऑगस्ट 1901 मध्ये सुरू झाले. हीबर ग्रँट, जो पुढे पंथाचा अध्यक्ष झाला, तीन सहकाऱ्यांसह योकोहामाला उतरला. त्या तिघांतला अल्मा टेलर वयाने सर्वांत लहान. तो नऊ वर्षांच्या आसपास तिथेच राहिला आणि ‘मॉर्मनचे पुस्तक’ हा पंथाचा धर्मग्रंथ त्याने जपानीत आणला; तो 1909 मध्ये छापला गेला. एवढे कष्ट करूनही 1924 मध्ये मिशन बंद झाले, तोवर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेच्या आतच होती. 1924 हेच अमेरिकेने जपानी स्थलांतरितांना दारे बंद केल्याचे वर्ष. अमेरिकी प्रचारकाचे स्वागत व्हायला तो काळ बरा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 मध्ये काम पुन्हा उभे राहिले. टोकियोचे मंदिर 1980 मध्ये झाले आणि पुढे फुकुओका, सप्पोरो, ओकिनावा इथेही मंदिरे झाली. आज जपानात नोंदलेले सदस्य सुमारे 1 लाख 30 हजार आहेत.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी; मग एकट्याने ग्रंथवाचन, त्यानंतर जोडीदाराबरोबर अभ्यास, शिवाय परक्या भाषेचा वेगळा तास. अभ्यासाचा कणा म्हणजे 2004 मध्ये निघालेले आणि 2023 मध्ये सुधारलेले मार्गदर्शक पुस्तक. साधारण दहा-अकराला बाहेर पडायचे, रात्री नऊ-साडेनऊला परतायचे, उद्याचे बेत लिहायचे, साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून देशाच्या चालीरीतींप्रमाणे वेळा मागेपुढे करायची मुभा मिळाली. जपानात माणसे उशिरा घरी येतात, त्यामुळे संध्याकाळचे दोन-तीन तास सोन्याचे आणि दुपार रिकामी. टीव्ही, सिनेमा, प्रेमप्रकरण, बातम्यांत गुंतणे हे सगळे वर्ज्य.

या साच्याचा खरा खांब वेळापत्रक नसून जोडीदार आहे. जपानी मिशनांत त्याला ‘दोर्यो’, म्हणजे सहकारी, म्हणतात. नियम असा की जोडीदार सतत दिसेल आणि त्याला हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर असावा. झोपायची खोली एक, अंथरुणे वेगळी. एकटे असण्याची जागा काय ती न्हाणीघर. हा जोडीदार मिशनरीने निवडलेला नसतो. मिशन अध्यक्ष म्हणून तीन वर्षांसाठी नेमलेला एक मध्यमवयीन गृहस्थ पत्नीसह तिथे राहतो आणि जोड्या तोच लावतो. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. कुणी त्याच गावात राहतो, कुणी दोन बॅगा घेऊन रेल्वेने दुसऱ्या प्रांतात जातो. माझ्या मते हेच या आयुष्याचे सर्वांत कठीण अंग. दारे बंद होतात याची सवय होते. पण ज्याच्या घोरण्याचा, भाताच्या चिकट भांड्याचा, सकाळच्या अबोल्याचा वैताग येतो, त्याच्याच सोबत पुढचे बेचाळीस दिवस सायकल चालवायची असते. जोडीदार जपानी असला तर भाषा झपाट्याने सुधारते. दोघेही अमेरिकी असले, तर घरी इंग्रजी बोलायचा मोह दर संध्याकाळी आवरावा लागतो.

काम सायकलीवर चालते. हेल्मेट सक्तीचे, अंगात पांढरा शर्ट आणि टाय, छातीवर चुंबकाने बसवलेली काळी नावपट्टी, पाठीवर पुस्तकांची सॅक. 2020 पासून फिका निळा शर्टही चालतो. मुलींना 2018 च्या अखेरीस पँट घालायची परवानगी मिळाली. सायकलीवर स्कर्ट सांभाळत फिरलेल्या आधीच्या मुलींच्या वाट्याला ती आली नाही. जूनमधल्या पावसात अंगावर रेनकोट असूनही बूट ओले होतातच. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर बर्फ साचले की सायकली भिंतीला टेकतात आणि पायपीट सुरू होते.

दारावरचा प्रसंग जवळपास ठरलेला. घंटा वाजते. दार उघडत नाही, शेजारच्या छोट्या कॅमेऱ्याचा दिवा लागतो. मिशनरी वाकून नमस्कार करतो, म्हणजे त्या दिव्याला नमस्कार करतो, आणि पाठ केलेले वाक्य सुरू करतो. ते संपायच्या आत आतून आवाज येतो : “केक्को देसु.” केक्को या शब्दाचा एक अर्थ ‘छान’. नवखा खूश होतो, पुढे बोलू लागतो आणि दिवा विझतो. आपल्याकडे पाहुण्याने ‘राहू द्या’ म्हटले की यजमानाला पक्के कळते. तसा या शब्दाचा दुसरा अर्थ ‘नको’ आहे आणि तो सुराने ओळखायचा असतो. दिवसभरात असे चाळीस-पन्नास दिवे विझू शकतात. कुणी आत बोलावलेच, तर उंबऱ्याशी खालच्या पायरीवर बूट काढून वर चढायचे. म्हणूनच नाड्यांचे नव्हे, सहज पायातून सुटणारे बूट बरोबर आणायला सांगतात. भोक न पडलेले मोजे ही इथे धर्मकार्याइतकीच महत्त्वाची गोष्ट. मग यजमानीण हिरवा चहा घेऊन येते. पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. हिरवा चहाही त्यातच मोडतो. जपानी घरात पहिल्याच भेटीत चहा परतवणे म्हणजे अवघड प्रसंग. मुरलेले मिशनरी पाणी मागतात किंवा भाजलेल्या सातूचे ‘मुगिचा’ हे पेय मिळेल का असे विचारतात. ते चालते आणि उन्हाळ्यात बहुतेक घरांत फ्रिजमध्ये असतेच.

नावाचीही गंमत आहे. पुरुष मिशनरीला ‘एल्डर’ म्हणतात. त्याचे जपानी रूप ‘चोरो’, मुलींना ‘शिमाई’, म्हणजे भगिनी. चोरो हा शब्द ऐकल्यावर जपानी माणसाच्या मनात पांढऱ्या दाढीचा, गावाचे तंटे सोडवणारा वडीलधारा उभा राहतो. समोर असतो तोंडावर मुरमे असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा.

दारोदार फिरण्यापेक्षा इंग्रजीच्या मोफत वर्गाला माणसे जास्त येतात. आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चच्या खोलीत निवृत्त गृहस्थ, शाळकरी मुले, परदेशवारीची तयारी करणारी जोडपी बसतात. वर्ग संपताना एखादा धर्मविचार सांगितला जातो. वर्षानुवर्षे इंग्रजीला येणारे आणि त्या शेवटच्या पाच मिनिटांत शांतपणे वही बंद करणारे लोक सगळ्या शहरांत असतात. मिशनऱ्यांचाही त्यांच्यावर राग नसतो. आठवड्यातले सर्वांत सोपे हसणे तिथेच होते.

रविवारी दोन तासांची उपासना. 2019 पूर्वी ती तीन तास चाले. भाकरीचा तुकडा आणि वाइनऐवजी पाणी. सोमवार बहुतेक ठिकाणी ‘तयारीचा दिवस’ : कपडे धुणे, केस कापणे, आठवड्याचा तांदूळ-अंडी-कोबी भरणे, जमल्यास एखादा किल्ला पाहणे. घरी फोन करायला पूर्वी वर्षातून दोनदाच परवानगी होती, नाताळात आणि मदर्स डेला. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला बोलता येते. जुने मिशनरी या सवलतीवर नाक मुरडतात, आया मुरडत नाहीत.

भेटलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली जाते. पूर्वी ही जाड फाइल असे, आता फोनवर ॲप आहे. ‘आजी, कुत्रा आहे, मुलगा ओसाकात, संध्याकाळी या’ अशा ओळी एका जोडीकडून दुसरीकडे जातात आणि आजी मात्र दर सहा आठवड्यांनी नव्या मुलांना तेच पुन्हा सांगत राहते. आठवड्याच्या शेवटी किती धडे दिले, किती जण उपासनेला आले, हे आकडे वर कळवायचे असतात. आकड्यांचा हव्यास अंगाशीही आला आहे. 1980 च्या आसपास टोकियो साऊथ मिशनमध्ये तरुणांना झटपट बाप्तिस्मे देण्याची लाट आली. संख्या हजारोंवर गेली, पण त्यातले बहुतेक पुन्हा चर्चकडे फिरकले नाहीत. स्थानिक मंडळींना नुसत्या नावांच्या याद्या पुढे कित्येक वर्षे सांभाळाव्या लागल्या. आजचा मिशनरी दोन वर्षांत एकही बाप्तिस्मा न पाहता जपानातून परतू शकतो.

तरीही जपानशी जोडलेला धागा अनेकांचा तुटत नाही. जपानी टीव्हीवर प्रसिद्ध झालेले केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट हे दोघे अमेरिकी आधी मिशनरी म्हणूनच त्या देशात गेले होते. उलट बाजूही आहे : आजारपणामुळे किंवा मन खचल्याने मुदतीआधी परतणाऱ्याला युटातल्या गावांत कुजबुज सोसावी लागते. 2020 मध्ये करोनाने हजारो जणांना एकदमच घरी आणले, तेव्हा ‘लवकर आलेला’ हा शिक्का थोडा पुसट झाला.

मुदत संपून विमान अमेरिकेत उतरले तरी सेवा तिथे संपत नाही. घरच्या भागाचा प्रमुख, ज्याला ‘स्टेक अध्यक्ष’ म्हणतात, तो औपचारिक सुटका देईपर्यंत सगळे नियम लागू राहतात. ही भेट बहुधा त्याच रात्री होते. आईवडील बाजूला बसतात, चार प्रश्न होतात, मग अध्यक्ष नावपट्टी काढायला सांगतो. मुलगा ती काढून क्षणभर हातात धरतो. शर्टाच्या खिशावर दोन वर्षांच्या चुंबकाचा चौकोनी ठसा तेवढा उरलेला असतो.