रोथकोचा लाल रंग का उडाला?

हार्वर्ड विद्यापीठाच्या होलियोक सेंटरमध्ये दहाव्या मजल्यावर एक भोजनकक्ष होता. १९६४ साली तिथं अमेरिकन चित्रकार मार्क रोथकोची पाच भव्य चित्रं लागली. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांतला गडद किरमिजी रंग इतका उतरला की १९७९पर्यंत ती सगळी काढून अंधाऱ्या कोठारात ठेवावी लागली. काही भाग तर फिकट निळे पडले होते. ‘रोथकोनं स्वस्तातला रंग वापरला’ असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा तिथंच संपवतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. रोथकोची चित्रं आतून उजळल्यासारखी दिसतात ती ज्या रीतीमुळे, त्याच रीतीनं ती नाजूकही झाली. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

मार्कस रोथकोविट्झचा जन्म २५ सप्टेंबर १९०३चा, द्विन्स्क गावचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. आज ते लाटव्हियातलं दौगवपिल्स. १९१३ साली आई आणि बहिणीबरोबर तो अमेरिकेत पोर्टलंडला पोचला. वडील आधीच तिथं गेले होते, पण हे लोक पोचल्यावर काही महिन्यांतच वारले. १९२१मध्ये येल विद्यापीठात गेला, १९२३मध्ये शिक्षण अर्धवट सोडून न्यूयॉर्कला आला. तिथं १९२९पासून १९५२पर्यंत ब्रुकलिनमधल्या ज्यू केंद्राच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होता. म्हणजे ज्या चित्रांनी त्याचं नाव झालं, त्यांतली पहिली काही शाळामास्तर असतानाच काढलेली आहेत. तीसच्या दशकात भुयारी रेल्वेच्या फलाटांवरची लांबोडकी माणसं, चाळीसच्या दशकात पुराणकथांतले प्राणी आणि आकार, १९४६नंतर कडा हरवलेले रंगाचे ठिपके, आणि १९४९च्या सुमारास उभ्या कॅनव्हासवर एकाखाली एक तरंगणारे दोन-तीन आयत. पोलॉक, डी कूनिंग या चित्रकारांबरोबर त्याला अमूर्त अभिव्यक्तिवादी म्हणतात. त्याला स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्द अजिबात मान्य नव्हता.

आता त्याच्या कामाची रीत पाहू. तेलरंगाची रूढ पद्धत अशी: कापडाला आधी सरस, त्यावर पांढरं अस्तर, मग रंग. सरस लागतोच, कारण जवसाचं तेल थेट सुती कापडात मुरलं तर धागा कालांतरानं कुजतो. रोथकोनं अस्तर गाळलं आणि सरसातच रंगाची पूड मिसळली. सरस सशाच्या कातड्याचा. साधारण एक भाग सरस आणि दहा ते तेरा भाग पाणी असं प्रमाण धरतात. रात्रभर भिजवून फुगू द्यायचा आणि मंद आचेवर विरघळवायचा. उकळी आली की त्याची चिकटण्याची ताकद गेली, त्यामुळे ६० अंशांच्या फार वर जायचं नाही. हे गरम मिश्रण मोठ्या ब्रशनं भराभर पसरावं लागतं. हात रेंगाळला की मध्येच थिजतं आणि जोडाच्या रेषा उमटतात. शेवटी कापडावर लेप बसण्याऐवजी कापडच रंगलेलं दिसतं.

त्यावर तेलरंगाचे थर, टर्पेंटाइन घालून पाण्यासारखे पातळ केलेले. बंधक तेल इतकं कमी की रंगाचे कण जेमतेम धरून राहतात. लाल थरामधून खालचा तपकिरी दिसतो, त्याच्याही खालून सरसातला मरून रंग. उजेड या थरांत शिरतो, खालच्या रंगावर आपटून परत येतो, आणि आपल्याला तो चित्राच्या आतून आल्यासारखा वाटतो. आयतांच्या कडा त्यानं कोरड्या ब्रशनं पुसट ठेवल्या. कॅनव्हास काम चालू असताना तो फिरवतही असे. काही चित्रांत ओघळ खालून वर गेलेले दिसतात ते यामुळे. चौकट नाही, रंग कडेवरून थेट बाजूपर्यंत नेलेला. काही थरांत अख्खं अंडं, काहींत डामर नावाची झाडाची राळ मिसळलेली, त्यामुळे एक आयत मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, तर शेजारचा किंचित चकाकणारा. काळ्यावर काळा ओळखू येतो तो या फरकानं. छापील प्रतीत तो जातोच. तेव्हा पुस्तकातला रोथको पाहून मत बनवू नये.

बिघाड कुठं होतो तेही इथंच दिसतं. बंधक कमी असल्यानं पृष्ठभाग पावडरीसारखा मोकळा राहतो. बोट लागलं की चकचकीत डाग. ओल्या हवेत सरस फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि वरचे थर त्याच्याबरोबर ओढले जातात. वॉर्निश लावून बचाव करावा म्हटलं तर वॉर्निश या सच्छिद्र थरांत मुरून रंग गडद करतं आणि मॅट-चकाकीचा सगळा खेळ संपवतं. त्यामुळे ही चित्रं उघडीच ठेवावी लागतात.

उजेडाबद्दल रोथको काटेकोर होता. १९६१मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत प्रदर्शन झालं, तेव्हा त्यानं लेखी सूचना पाठवल्या होत्या: भिंत शुभ्र नको, तपकिरी आणि किंचित लाल मिसळलेली मळकट पांढरी हवी, प्रकाश प्रखर नको, मोठी चित्रं जमिनीलगत, शक्यतो सहा इंचांहून वर नकोत. त्याआधी १९५८मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या ‘फोर सीझन्स’ रेस्टॉरंटसाठी त्यानं चित्रांचं काम घेतलं होतं. बॉवरी रस्त्यावरच्या एका जुन्या व्यायामशाळेत त्या दालनाच्या मापाचा सांगाडा उभा करून त्यानं तीसेक कॅनव्हास रंगवले. मग पत्नीबरोबर त्या रेस्टॉरंटमध्ये जेवून आला आणि पैसे परत करून टाकले. त्यांतली नऊ चित्रं पुढं लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली.

खाणावळीला नकार देणाऱ्यानं हार्वर्डच्या भोजनकक्षाला होकार द्यावा, हे जरा चमत्कारिकच. पण विद्यापीठ त्याला वेगळं वाटलं असावं. किरमिजी पार्श्वभूमीसाठी त्यानं अल्ट्रामरीन निळा आणि लिथॉल रेड एकत्र केले. लिथॉल रेड मुळात छपाईच्या शाईसाठी बनवलेला सेंद्रिय रंग: चमकदार, स्वस्त, आणि उजेडात फार न टिकणारा. अल्ट्रामरीन मात्र उजेडात पक्का. म्हणून लाल उडाला आणि मागं निळा राहिला. खोलीला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या होत्या. पडदे बंद ठेवायचे होते, पण दहाव्या मजल्यावरचा देखावा सोडून जेवायला कोण बसणार? शिवाय मेजवान्या, खुर्च्यांचे धक्के, अन्नाचे डाग. रोथकोनं जाड, तेलकट थर लावला असता तर रंग इतक्या लवकर गेला नसता असंही म्हणता येईल. मग ती चित्रं रोथकोची राहिली नसती.

दुरुस्तीचा प्रश्न खरा अवघड होता. उडालेल्या जागी नवा रंग भरला तर तो सच्छिद्र पृष्ठभागात मुरणार, पुन्हा काढता येणार नाही. काढता न येणारी दुरुस्ती करायची नाही, हा संवर्धनातला पहिला नियम. शेवटी हार्वर्डनं चित्रांना हात न लावता प्रकाशानंच भरपाई केली. १९६४मध्ये चित्रांचे फोटो एक्टाक्रोम या रंगीत फिल्मवर काढलेले होते, पण त्या पारदर्शिकांचेही रंग उतरले होते. ते संगणकावर पूर्ववत केले, आजच्या चित्राशी बिंदूगणिक ताडून पाहिले आणि जिथं जेवढा रंग कमी तिथं तेवढाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरनं टाकला. असे वीस लाखांहून अधिक बिंदू. २०१४च्या प्रदर्शनात रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद होत, आणि लोक नेमके ते पाहायला थांबत.

टेटमधल्या ‘ब्लॅक ऑन मरून’वर ऑक्टोबर २०१२मध्ये एकानं शाईच्या पेनानं मजकूर लिहिला, तेव्हा याच रीतीनं पुन्हा पेच टाकला. पातळ थरांतून शाई कापडाच्या पाठीपर्यंत झिरपली. जे द्रावक शाई विरघळवेल तेच डामर राळही विरघळवणार. बेंझिल अल्कोहोल आणि एथिल लॅक्टेटचं मिश्रण नक्की करण्याआधी तसेच थर दिलेल्या नमुना-कॅनव्हासवर महिनोन्‌महिने चाचण्या झाल्या. दीड वर्षानं, मे २०१४मध्ये चित्र परत भिंतीवर गेलं.

मराठी वाचकाला इथं चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवणारच. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते १९६४मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि दोघांची तुलना तेव्हापासून चालू आहे. ती कामाच्या रीतीपुरती तरी जपून करावी. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग लावत, काढत, कागदाच्या तुकड्यांनी उमटवत. त्यांचा पृष्ठभाग घडवलेला असतो. रोथकोचा ब्रशनं भिजवलेला.

१९६४मध्येच जॉन आणि डॉमिनिक द मेनिल या कलासंग्राहक दांपत्यानं रोथकोकडे वळून अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहासाठी त्याला चित्रं सांगितली. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यानं छताच्या काचेखाली पॅराशूट ताणून उजेड मंद केला आणि दोऱ्या-कप्प्यांवर कॅनव्हास वरखाली करत चौदा चित्रं पूर्ण केली. छताची काच तिथंही तशीच असावी हा त्याचा हट्ट. ह्यूस्टनचं ऊन त्यानं धरलंच नव्हतं. १९६८मध्ये महाधमनी फुगल्याचं निदान झालं. चाळीस इंचांहून मोठं काम करू नये, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो कागदावर अ‍ॅक्रिलिककडे वळला. २५ फेब्रुवारी १९७० रोजी त्यानं आत्महत्या केली. टेटला दिलेली चित्रं त्याच दिवशी लंडनला पोचली. प्रार्थनागृह १९७१मध्ये उघडलं तेव्हा ते पाहायला तो नव्हता. वरून कोसळणारा उजेड अडवण्यासाठी आधी कापड ताणलं, मग आडोसे बसवले, तरी भिंती काळवंडलेल्या आणि मधली जमीन लखलखीत असंच दिसत राहिलं. अखेर छताची काच बदलून, पट्ट्यांतून उजेड भिंतींकडे वळवून, २०२०च्या सप्टेंबरमध्ये ते पुन्हा खुलं झालं.