एडिटरच्या पोटातलं टर्मिनल : विमने दार का लावलं होतं?

टर्मिनल ही मुळात हाताला लागणारी वस्तू होती. १९७८च्या व्हीटी१०० या पडदा-कीबोर्डच्या डब्याचे संकेत आजचे टर्मिनल प्रोग्रामही पाळतात. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये स्यूडोटर्मिनल, म्हणजे नकली टर्मिनल, आलं आणि कुठल्याही प्रोग्रामला शेलपुढे, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामपुढे, 'मीच तो डबा' असं सोंग घेता येऊ लागलं. ईमॅक्स या एडिटरने, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामने, शेलला घरात घ्यायला फार वेळ लावला नाही.

विम या दुसऱ्या एडिटरने मात्र दार लावून घेतलं. विमच्या मदतपानांत 'विम काय नाही' असा एक भागच होता. विम हा शेल नाही, ऑपरेटिंग सिस्टीमही नाही. आत शेल चालवायचा नाही, शेलमधून विम चालवायचा, असं त्यात बजावलेलं होतं. अनेकांना हा हेकेखोरपणा वाटला. मला नाही वाटला. २०१०च्या आसपास नांदेडला बसून पुण्याच्या सर्व्हरवर काम करायचो तेव्हा भारनियमनात लाइट गेली की एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटायची, आणि सर्व्हरवरचा विमही त्यासोबत जायचा. ज्यानं आधी सर्व्हरवर स्क्रीन (१९८७) किंवा टीमक्स (२००७) हा जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम सुरू करून त्याच्या आत विम उघडला, त्याला लाइट आल्यावर सगळं जागच्या जागी सापडायचं. टर्मिनल सांभाळणारा बाहेर आणि एडिटर आत, ही मांडणी आमच्याकडं तरी पोथीतली नव्हती.

पण वारं फिरलं. पार्श्वभूमीत कामं चालवण्यासाठीचा एक पॅच (कोडमधला बदल) विमने घेतला नाही, त्या कुरबुरीतून २०१४मध्ये निओविम वेगळा झाला आणि २०१५च्या पहिल्या आवृत्तीतच टर्मिनल घेऊन आला. २०१६मध्ये व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली टर्मिनलची काळी पट्टी आली. आता लातूर-परभणीच्या कॉलेजातली पोरं त्या पट्टीलाच टर्मिनल समजतात, आणि शेललाही टर्मिनलच म्हणतात. मे २०१८मध्ये विम ८.१ आला, त्याचं मुख्य आकर्षणच टर्मिनल खिडकी. ज्याला नाही म्हटलं होतं तेच!

दार उघडलं तरी कळांचं भांडण मिटलं नाही. शेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द खोडतो, विममध्ये तीच कळ एडिटरमधल्या खिडक्या हाताळण्याची. म्हणून विमच्या टर्मिनलात एक शब्द खोडायचा तर कंट्रोल-डब्ल्यूनंतर टिंबही दाबावं लागतं.