एक्झॉस्टचा पोचा: कधी सोडून द्यायचा, कधी कापून काढायचा

वेगवान गाडी जमिनीलगत बसवलेली असते आणि तिच्या पोटाखालची एक्झॉस्टची नळी जमिनीच्या त्याहून जवळ. एखादा उंच गतिरोधक, उडालेला दगड किंवा चुकीच्या जागी टेकवलेला जॅक नळीला पोचा पाडायला पुरतो. मग मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: पॉवर किती गेली? लहान पोच्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘जाणवणारही नाही इतकी’ असेच असते. त्याच धक्क्याने आणखी काय सरकले, हे मात्र आधी बघायला हवे.

पॉवरचा हिशेब सोपा आहे. ६० मिलिमीटर व्यासाची गोल नळी दबून ५० मिलिमीटर उंचीची झाली, तर ती दोन्ही बाजूंना थोडी पसरते. परिघ तेवढाच राहत असल्याने वायूला जायची जागा जेमतेम ४ टक्के कमी होते. उंची ४० मिलिमीटर उरली तर १४ टक्के आणि ३० उरली तर ३० टक्के. म्हणजे सुरुवातीला तोटा हळूहळू वाढतो, नंतर झपाट्याने. हे आकडे गुळगुळीत चपटेपणाचे आहेत. टोकदार दगडाने नळी एकाच जागी आत ढकलली असेल तर बाजू पसरत नाहीत. शिवाय त्या धारेमागे प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे होतात, त्यामुळे तेवढ्याच खोलीचा पोचा जास्त अडवतो.

दाबातला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह निम्मा तर तोटा पाव. म्हणून रोजच्या चालवण्यात पोचा असून नसल्यासारखा. पूर्ण थ्रॉटल आणि वरच्या आरपीएमलाच तो आपले अस्तित्व दाखवतो.

पोचा कुठे आहे यानेही खूप फरक पडतो. इंजिनाजवळ वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो, मागच्या सायलेन्सरपाशी ३०० अंशांच्या घरात. निरपेक्ष तापमान निम्म्यावर आले की त्याच वायूचे आकारमानही निम्मे होते. त्यामुळे पुढचा पोचा मागच्या तशाच पोच्यापेक्षा सुमारे दुप्पट दाब खातो. टर्बोच्या गाडीत डाउनपाइप (टर्बोतून निघणारी पहिली नळी) चेपणे आणखी वाईट. टर्बोतले, एक्झॉस्टच्या वायूने फिरणारे टर्बाइन पुढच्या-मागच्या दाबाच्या गुणोत्तरावर चालते. मागचा दाब वाढला की तेवढाच बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) मिळवायला पुढचा दाब त्याहून जास्त चढवावा लागतो आणि तो थेट सिलिंडरवर येतो. ढोबळ मर्यादा अशी ठेवता येईल: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागे, व्यासाच्या सहाव्या भागापर्यंतचा गुळगुळीत पोचा तसाच राहू द्यावा. पाव भागापर्यंत असेल तर दाब मोजून ठरवावे. त्याहून खोल असेल, किंवा डाउनपाइपला नजरेत भरण्याएवढा असेल, तर तो भाग बदलावा.

गळतीला अशी सवलत नाही. एक्झॉस्टमधला प्रवाह ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बारीक चिरेतून हवा आत ओढली जाते. ही चीर पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. इंधन कमी पडते आहे असे समजून इसीयू (इंजिनाचा संगणक) ते वाढवतो. मिश्रणात प्रत्यक्षात इंधन जास्त होते, पेट्रोल जास्त जळते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाजवीपेक्षा तापतो. त्याच्या आतली चिनी मातीची जाळी त्या उष्णतेत फुटली किंवा वितळली, तर एका गॅस्केटकडे (सांध्यातल्या पातळ सीलकडे) केलेल्या दुर्लक्षातून सगळ्या एक्झॉस्टमधला महागडा भाग हातचा जातो. शिवाय केबिनखालच्या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. इंजिनापासून केबिनच्या मागच्या टोकापर्यंत कुठेही गळती सापडली की गाडी उभी करावी आणि आधी दुरुस्ती करावी.

आता धक्क्याचा अदृश्य भाग. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची दीड मीटर नळी ५०० अंशांनी तापली की जवळपास १३ मिलिमीटर लांबते. हे लांबणे नळी लटकवणारे रबरी हँगर आणि लवचिक फ्लेक्स पाइप झेलतात. धक्क्याने हँगरचा दांडा वाकला किंवा नळी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) टेकली, तर या १३ मिलिमीटरना जागा उरत नाही. मग ताण सर्वांत कमजोर वेल्डवर जातो आणि काही आठवड्यांनी पोच्यापासून चांगली हातभर दूर चीर पडते. म्हणून पोचा पाहून झाल्यावर हँगरची रबरे ताणली आहेत का, फ्लेक्सची बाहेरची जाळी उसवली आहे का, फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा) तिरके बसले आहेत का आणि नळीभोवती सगळीकडे बोटभर मोकळी जागा आहे का, हे पाहावे. अंडरबॉडीवर घासल्याचा चकचकीत डाग दिसला, तर नळी तिथे टेकते हे नक्की.

गळती शोधायची तर इंजिन गार असताना. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर टाकणारी बाजू टेलपाइपला फडक्याने बसवावी (टोके दोन असतील तर दुसरे बंद करावे) आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. केबिनच्या मागच्या स्लिप जॉइंटवर (एका नळीत दुसरी सरकवलेल्या सांध्यावर) एखाददुसरा बुडबुडा चालतो, वेल्डवर मुळीच नाही. सांध्याभोवतीची काजळीही वाट दाखवते. गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि तापल्यावर थांबते, तेव्हा मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाच्या) गॅस्केटवर किंवा तिथल्या चिरेवर संशय घ्यावा. धातू फुगून फट बुजते, दोष जागेवरच असतो.

दाब मोजायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात गेज लावतात. भार नसताना २५०० आरपीएमला साधारण २० किलोपास्कलच्या वर दाब गेला, तर कुठेतरी अडथळा आहे. तो पोच्यात असेल किंवा फुटलेल्या कन्व्हर्टरमध्ये. रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर कन्व्हर्टर खुळखुळला, तर उत्तर मिळाले.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. टेलपाइपवरची सोनेरी-निळी छटा हा ऑक्साइडच्या पातळ थराचा रंग आहे. सायलेन्सरच्या तळाचे दोन-तीन मिलिमीटरचे नेटके गोल छिद्र अनेकदा कारखान्यातच पाडलेले असते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते, आणि जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी तिथून निथळते. हे छिद्र वेल्डिंगने बुजवणे म्हणजे गंजाला आमंत्रण.

दुरुस्ती करायचीच ठरली तर पेस्ट आणि पट्टीवर विसंबू नये. मागच्या स्लिप जॉइंटवर पेस्ट टिकते, पण कंपन आणि उष्णता सोसणाऱ्या चिरेवर ती निघून येते. पोचा ओढून काढण्यापेक्षा तो तुकडा कापून त्याच व्यासाचा नवा बसवणे जास्त खात्रीचे. नळीची भिंत अनेकदा १.२ ते १.५ मिलिमीटरच असते, म्हणून टिग वेल्डिंगच (आर्गॉनच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेले) हवे. ३०४ ला ३०८एल फिलर (जोडात वितळवायची तार), साध्या पोलादाशी जोडताना ३०९एल. नळीच्या आतूनही आर्गॉन सोडलेला हवा, नाहीतर वेल्डच्या मागे साखरेच्या दाण्यांसारखा खडबडीत काळा थर येतो आणि तिथूनच पुढे चीर पडते. टायटॅनियमच्या एक्झॉस्टला तर दोन्ही बाजूंनी आर्गॉन अनिवार्य आहे. चंदेरी किंवा फिकट सोनेरी वेल्ड चांगला, राखाडी किंवा पांढरा पडलेला ठिसूळ. तो पुन्हा कापायचा.

वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल तर बॅटरीची वायर सोडावी, ऑक्सिजन सेन्सर काढावे आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावावा. सांध्यांना नवे गॅस्केट घालावेत. क्लॅम्प आधी सैल ठेवून नळी हँगरवर मोकळी लटकू द्यावी, जागा नीट झाली की पुढून मागे एकेक आवळत यावे. पहिली फेरी मारून गाडी पूर्ण गार झाली की सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासावेत. पहिल्या तापण्या-गार होण्यात सांधे बसतात आणि थोडे सैल होतात.